विसाव्यावरची पांढरी गाडी

केळव्याच्या किनाऱ्यावर गाड्या कुठे लावायच्या हे ग्रामपंचायतीची पाटी सांगायची आणि तिचं कुणी ऐकायचं नाही. मग दादू सांगायचा आणि झाडून सगळे ऐकायचे. पाटी खरं बोलायची आणि दादू थापा मारायचा, एवढाच काय तो फरक.

गुडघे गेले तशी दादूची होडी सुटली आणि पंचायतीनं त्याच्या गळ्यात शिट्टी अडकवली. सुरूच्या झाडांपासून पुळणीपर्यंतचं मोकळं मैदान त्याच्या ताब्यात आलं. सुट्टीच्या दिवशी तिथे मुंबई, वसई, बोईसरकडून गाड्यांची रीघ लागायची. शिट्टीला कुत्रंसुद्धा वळेना, तेव्हा दादूनं तोंड उघडलं. ओल्या वाळूत गाडी घालणाऱ्याला तो अदबीनं म्हणायचा, की साहेब, जा खुशाल, पण परवाच तिथे लग्नाची बस गेली वऱ्हाडासकट. नवरीच्या मुंडावळ्या तेवढ्या वर दिसत होत्या, त्यांना धरून ओढली बिचारीला. साहेब मुकाट्यानं गाडी मागे घ्यायचे. हॉर्न बडवणाऱ्याला तो सांगायचा, की खाली वाळूत किल्ल्याचं भुयार आहे, त्यातली दारू अजून कोरडी आहे, आवाजानं पेटली तर आपण जबाबदार नाही. तेवढ्यानं सगळं मैदान देवळासारखं शांत व्हायचं. पुढे पंचायतीनं मैदानातच एक झोपडी बांधून माइक दिला, सुरूला भोंगा बांधला. मग तर काय, दादूची थाप थेट शेजारच्या माहीम गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जायची, आणि लोक गाडी लावून झाली तरी थापा ऐकायला उभे राहायचे.

वीट आला होता तो एकट्या नलूला, म्हणजे त्याच्या बायकोला. मैदानाच्या कडेला ती सुक्या बोंबलांची पाटी घेऊन बसायची, आणि भोंगा सुरू झाला की पदर कानावरून घट्ट ओढून घ्यायची. तिचं लग्नच थापेवर झालं होतं. दादूनं तिच्या बापाला दोन होड्या सांगितल्या होत्या. होती ती अर्धी, आणि ती अर्धीसुद्धा गोमाची. गोमा म्हणजे त्याचा होडीवरचा जोडीदार. नलू त्यावर पुष्कळ वर्षं हसली होती. अलीकडे हसायची नाही.

पावसाळा सरला आणि नलू वाळायला लागली. दादू तिला पालघरला घेऊन गेला. डॉक्टरनं तिला बाकावर बसवून दादूला आत बोलावलं आणि जे होतं ते सांगितलं, काही लपवलं नाही. दादू बाहेर आला आणि म्हणाला, पित्त हाय. शिमग्यापर्यंत तू मावरं विकायला उभी राहशील बघ. त्यानंतर दोघं रोज कोकमाचं पाणी प्यायची, ती पित्तासाठी आणि तो तिला सोबत म्हणून.

एका दुपारी तिनं पेला बाजूला सारला आणि म्हणाली, "मला काय झालंय ते तुमाला ठाव हाय. मला पन ठाव हाय. आता नका सांगू, तुमाला जमायचं नाय. विसाव्यावर सांगा."

गावात मयताला खांदा दिला की मधे कुठेही खाली ठेवत नाहीत. मसणवटीच्या वाटेवर एक सपाट काळा दगड आहे, वाळूत निम्मा रुतलेला. तो विसावा. तिथे तिरडी एकदाच टेकायची, पुढचे खांदेकरी मागे जायचे, मागचे पुढे यायचे. तेवढ्या वेळात जवळच्या माणसानं मयताच्या कानाशी लागून जे सांगायचं राहिलंय ते सांगून घ्यायचं. तिथपर्यंत मयताला ऐकू येतं, म्हणतात. तिरडी पुन्हा उचलली की संपलं.

आणि हा विसावा दादूच्या मैदानाच्या बरोबर मध्यावर होता.

"आनि त्या दिवशी कुनाला थाप मारायची नाय," नलू म्हणाली. "एक दिवस तरी."

दादूनं डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. तिच्या डोक्यावर. स्वतःच्या डोक्यावर ठेवला असता तर तिनं विश्वास ठेवला नसता.

तेव्हापासून गर्दी कितीही असो, दगडाभोवती दादू गाडी लागू देईना. स्वतः तिथे उभा राहायचा. तहान लागली तर शहाळंवाल्याला तिथेच हाक मारायचा. गोमा चिडवायचा, की दादू, तू उभा राहून राहून तुझाच विसावा होनार.

नाताळच्या सुट्टीतला रविवार उजाडला तो असा, की गाड्यांना गाड्या चिकटलेल्या. सकाळी दादू रंगात होता. कुणाच्या तरी इंजिनात खेकडा शिरलाय आणि आतून बोनेट वाजवतोय, असं त्यानं भोंग्यावरून सांगितलं, तर पंधरावीस जण आपापली बोनेटं उघडून बघत बसले. तेवढ्यात हिमानी आली, त्याच्या पुतण्याची बायको. चालत आली, पळत नाही. त्यावरूनच दादूला कळलं, की घाई करण्यासारखं काही उरलं नाही. ती म्हणाली, "काका, घरी चला. काकी तुमाला बघतेय."

दादूच्या मनात पहिला विचार आला तो दगडाचा. आपण गेलो तर तिथे कोण उभं राहणार? मग कोळ्याला जे सुचावं तेच त्याला सुचलं. पुळणीवर होडीची जागा राखायची तर तिथे वल्हं रोवतात. मालक महिनाभर समुद्रावर राहिला तरी त्या जागेला कुणी हात लावत नाही. सख्खे भाऊ बोलत नसले तरी एकमेकांचं वल्हं पाळतात. दादूनं झोपडीतून आपलं जुनं वल्हं आणलं, दगडाशी चांगलं हातभर खोल रोवलं, वर लाल फडकं बांधलं आणि निर्धास्त मनानं घरी गेला.

नलूनं त्याला बघितलं. दुपार कलायच्या आत ती गेली.

तिरडी बांधून निघेपर्यंत उन्हं उतरली होती. पुढे दादू, हातात विस्तवाचं मडकं. मागे पुतण्या केतन, गोमा आणि दोघं भाऊबंद खांद्याला. रस्ताभर दादू मनात जुळवत होता. आधी डॉक्टरचं सांगायचं. मग कोकमाचं, की मला माहीत होतं त्यानं काही होत नाही. मग दोन होड्यांचं. ते तिला माहीत होतंच, पण आपल्या तोंडून कधी निघालं नव्हतं. जन्मभर एवढ्या थापा रचल्या, त्यांना कधी जुळवणी लागली नाही, आणि ही चार खरी वाक्यं काही केल्या सरळ ओळीत उभी राहीनात.

सुरूंच्या पलीकडे आले आणि थांबले.

सकाळनंतर मैदानाला धनी नव्हता. गाड्या वाट्टेल तशा घुसल्या होत्या, आडव्या, तिरक्या, एकीच्या दारात दुसरीचं नाक. मुंगीला जायचं तर तिनंही चप्पल हातात घेतली असती. गाड्यांच्या फटींतून अंग चोरत, तिरडी डोक्याच्या वर धरत, चौघं दगडाच्या जागेपर्यंत पोचले. दगडावर एक पांढरी गाडी उभी होती, नवीकोरी, आरशाला लिंबू-मिरची. दगड नेमका तिच्या पोटाखाली. दादूचं वल्हं टपावर आडवं टाकलेलं. लाल फडकं सोडवून कुणीतरी पोराच्या गळ्यात बांधलं असावं. ते दिसलं नाही.

दादू वल्ह्याकडे नुसता बघत राहिला. गाडीपेक्षा त्याला त्याचंच नवल वाटलं. वल्हं कुणी उपटतं?

केतननं खांदा न काढता मोकळ्या हातानं गाडी ढकलून पाहिली. कुलूपबंद, आणि पुढे-मागे दुसऱ्या गाड्या. गोमा म्हणाला काच फोडू. केतन म्हणाला, फोडून काय करनार, पुढच्या हलल्याशिवाय ही कुठं जाते? तिरडी पुढे नेता येईना, मागे न्यायची नाही, खाली ठेवायची नाही. खांदेकऱ्यांचे खांदे थरथरायला लागले. भजीच्या वासाची झुळूक येत होती. पलीकडे घोडागाडीतली पोरं ओरडत होती. एक-दोघांनी तिरडी बघून हात जोडले आणि आपापली पोरं दुसरीकडे वळवली. गाडी काही त्यांची नव्हती.

दादू जवळच्याच झोपडीत गेला आणि माइक घेऊन दारात आला. एका हातात धुमसतं मडकं, दुसऱ्या हातात माइक.

"पांढऱ्या गाडीचा मालक कोन असल त्यानं यावं. आजूबाजूच्या गाड्या हाइत त्यांनी पन यावं. माझी बायको वारली हाय. तिला तितं खाली ठेवायची हाय."

भोंग्यातून आवाज लांबवर गेला. क्षणभर काही झालं नाही. मग भजीच्या टपरीकडून कुणीतरी हसलं. दुसरा ओरडला, "काका, सकाळी खेकडा, आता बायको!" टाळ्या पडल्या. चटयांवर बसलेली माणसं मान वर करून पुढच्या मजेची वाट बघू लागली.

दादूनं पुन्हा सांगितलं. नाव घेऊन सांगितलं, की नलू तिचं नाव, बोंबील विकायची, तुमी घेतले असतील तिच्याकडनं. आवाज फाटला, तर तिकडे शिट्ट्या वाजल्या. म्हातारा रडण्याची नक्कल काय हुबेहूब करतो, असं एक बाई कौतुकानं म्हणाल्या.

गोमा खांद्याखालून बोलला. तिरडीखाली त्याचं तोंड वाकडं झालं होतं. "दादू, यांना तुझं खरं पचनार नाय. पानी आलं म्हन."

दादू म्हणाला, "आज नाय."

"मग मी आता खाली बसतो, आनि ही वाळूत जाते. बोल."

दादूनं तिरडीकडे पाहिलं. नलूचा चेहरा उघडा होता, कपाळावर मळवट, आणि मान जरा एका बाजूला कलली होती, भोंगा सुरू झाला की ती पदर ओढताना कलायची तशी. दगड मिळवायचा तर थाप मारावी लागत होती. थाप टाळायची तर दगड जात होता. तिनं दोन्ही मागितलं होतं, आणि दोन्ही देण्याइतकं काही दादूच्या संसारात कधीच नव्हतं.

त्यानं माइक तोंडाशी नेला.

"पानी आलंय," तो म्हणाला. हळूच म्हणाला. "पानी चढतंय. गाड्या काढा."

त्या वेळी ओहोटी इतकी लागली होती, की समुद्र शोधायला माणूस पाठवावा लागला असता. पुळणीवरून लाटेचा आवाजही येत नव्हता. पण मैदान उठलं. चटया उठल्या, अर्धी भजी कढईत राहिली, नवऱ्यांनी दुसऱ्यांच्या पोरांना काखोटीला मारलं. घोडागाडीवाला इथलाच, त्याचा जन्म पुळणीवर गेलेला, तोसुद्धा घोड्याच्या पुढे पळाला. खुद्द तिरडीमागून चालणाऱ्या एका भाऊबंदानं धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. गाड्या सुरू झाल्या, एकमेकींना घासत, ओरबाडत सुरूंमधून बाहेर पडल्या.

पांढऱ्या गाडीचा मालक अनवाणी आला, हातात विरघळलेला बर्फाचा गोळा. तिरडी अगदी समोर बघून तो दचकला. त्यानं दादूला विचारलं, खरंच कुणी गेलंय का? दादूनं मान होकारार्थी हलवली. "आणि पाणी?" दादूनं तशीच मान हलवली. टपावरचं वल्हं दोन्ही हातांनी उचलून त्यानं वाळूवर जपून ठेवलं आणि गाडी काढून निघून गेला.

मैदान मोकळं झालं. कितीतरी वर्षांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती वाळू दिसली, चाकांनी नांगरलेली, आणि मधे तो काळा दगड, त्यावर तेलाचा एक डाग.

तिरडी टेकली. दादू गुडघे कसेबसे मोडून खाली बसला आणि तिच्या कानाशी लागला. गोमा आणि केतन पुढून मागे गेले. दोघं भाऊबंद पुढे आले. तेवढा वेळ त्याच्याकडे होता.

"नलू," तो म्हणाला, "पानी नाय आलंय. मी थाप मारली."

पुढे डॉक्टरचं सांगायचं होतं. पण आधी हे तर नीट सांगायला हवं, की वल्हं रोवलं होतं, हातभर रोवलं होतं, लाल फडकंही बांधलं होतं, कुणी उपटील असं वाटलंच नाही. आधी खरंच सांगितलं होतं, दोनदा सांगितलं, पण ते हसले. गोमा साक्षीला हाय. तो सांगत राहिला. गोमानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, सूर्य टेकला, दादू. चौघांनी खांदा दिला. तिरडी उठली, नलूचा कान त्याच्या तोंडापासून वर गेला, आणि दादूचं तोंड उघडंच राहिलं.

मसणवटीपर्यंत तो पुढे चालला. तिथेही तो डॉक्टरचं बोलला, विस्तव देताना, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पण ते आपलं बोलायचं म्हणून.

परतताना मागे वळून बघत नाहीत. मैदानाशी येईपर्यंत संधिप्रकाश होता. पाणी कुठेच नाही हे हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं होतं, आणि रस्त्यावर तुंबलेल्या गाड्या पुन्हा सुरूंमधून आत शिरत होत्या. बाकीचे घरी गेले. दादू वाळूतलं वल्हं उचलून दगडावर जाऊन उभा राहिला.

एक गाडी त्याच्याजवळ थांबली. आत बायको, पोरं, मागे दुमडलेल्या चटया. काच खाली करून माणसानं विचारलं, "काका, पाणी उतरलं का?"

दादूनं समुद्राकडे बघितलं. तो दूर, होता तिथेच होता.

"उतरलं," दादू म्हणाला, आणि वल्ह्यानं त्याला जागा दाखवली, दगडापासून जरा लांबची.