चिमटेवाला बिरू

औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावर अक्रोडाएवढा गोळा काढला, त्याच्याखाली दोन गोट्या काढल्या अन् गोट्यांवर फुली मारली.

"बाबा, ह्या काढाव्या लागतील."

बिरू धनगर फुलीकडं बघतच राहिला. वेरूळच्या रानात मेंढा खच्ची करायचा म्हटलं, की लोक त्यालाच हाक मारायचे. तो जनावराच्या कपाळाला भंडारा लावायचा, "माफ कर रं लेकरा" म्हणायचा अन् गोट्यांच्या शिरेवर चिमटा दाबायचा. आता फुली त्याच्याच गोट्यांवर होती.

लघवीची धार तुटू लागली तेव्हा तो कुणाला बोलला नव्हता. म्हातारा नर आटतोच, हे त्याचं मेंढरांवरून बांधलेलं गणित. ताकदीसाठी वैदूचा पाक चाटत राहिला. कंबर धरली, तेव्हा कुठं बायको राजाबाईनं त्याला रिक्षात घातलं.

"बाई, पिकलं पान म्या. तिथं आता काय उरलं असंल?"

"उरतं, बाबा. वयानं तिथल्या पेशी थकतात, पण पुरुषपणाचा रस करायचं सोडत नाहीत. लघवीच्या वाटेवरच्या ह्या प्रोस्टेट नावाच्या गाठीत कॅन्सर आहे. तो त्या रसावर पोसतोय, हाडात उतरलाय. रस तोडला की दबेल. इंजेक्शनंही आहेत, पण ती नेमानं घ्यायची. तुम्ही तर रानोमाळ."

"म्या जनावर नाय," बिरू म्हणाला. आवाज दूरच्या टेकाडावरून आल्यासारखा.

"काढा, बाई."

बिरूनं मान वळवली. परक्यापुढं कधी तोंड न उघडलेली राजाबाई बोलली होती.

"तू मधी बोलू नगं."

"बोलणार. तुमी चिमटा लावायचे तव्हा मेंढ्याचे पाय म्याच धरायचे की. मेला का त्यातला एक तरी? चांगले म्हातारे होऊस्तोर चरले. अन् तुमाला आता काय पाळणा हलवायचाय?"

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. बिरू पुन्हा कागदावरल्या फुलीकडं वळला.

"लई दुखंल?"

"भूल देऊ. कळणारसुद्धा नाही."

"भूल," तो पुटपुटला. मग हळूच विचारलं, "मेंढरालाबी देता येती व्हय?"

"येते की. जनावरांचे डॉक्टर देतात."

बिरू आपल्या दोन्ही तळहातांकडं बघत बसला. राजाबाईनं पाण्याचा गिलास पुढं केला, तो त्याला दिसलाच नाही.

"काढा," शेवटी तो म्हणाला. "पर मेंढरांच्या भुलीचं मला कुणी आधी सांगाया पायजे होतं."