पायाकडचा कोपरा

सुई गालातून गेली… आणि बाई हसतच राहिली. काडेपेटीएवढं चकचकीत लेबल, त्यावर तिचं तोंड. दात असे पांढरे छापलेले की शिवताना प्रज्ञाला वाटायचं, आपण कोणाच्या तरी जबड्यात बोटं घालून बसलोय. आणि तोंडाखाली, मुंगीच्या पायासारख्या अक्षरांत, आपल्या देशाचं नाव. म्हणजे ब्लँकेट आपलं, पैसा आपल्या सरकारचा, शिवणाऱ्या आम्ही सौंसरच्या, अन् हसून राहिली ही. चारी बाजूंनी टाके, दोरा काप, सरकव, दुसरं ओढ. पुन्हा तेच दात. ब्लँकेटचा निळा भुसा नाकात, पापण्यांवर, चहाच्या सायीवर. थुंकलं की थुंकी निळी. प्रज्ञा दिवसातून कितीदा तरी शेडच्या मागे जाऊन थुंकायची. थुंकायला जागा तरी आहे इथे, शाळेत तेवढीही नव्हती.

"डोक्याकडं लावजो वं," शेजारच्या मशीनवरून यमुनामावशी, मान न वळवता. "पट्टीच्या बाजूनं."

ब्लँकेटच्या एका टोकाला रेशमी पट्टी, ती डोक्याकडची बाजू. भिंतीवर टांगलेल्या नमुन्यातला बाण तिच्या अगदी उलट टोकाला, पायाकडच्या कोपऱ्यावर होता. पण माल सुरू झाला त्या सकाळी मावशी त्या बाणासमोर बराच वेळ उभी राहिली, आणि हसली. छापणाऱ्याची चूक असन, म्हणाली. बाईमाणसाचं तोंड पायाशी कोण लावते? झोपणाऱ्याच्या लाता लागतीन ना तिले. सगळ्या ओळीने माना डोलावल्या. या बायका — पुस्तकाला पाय लागला तर हात कपाळाला नेणाऱ्या, झाडू ओलांडून न जाणाऱ्या — त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. कुठल्या कुठल्या मुलखातली बाई, नाव उच्चारता येत नाही, पण तिला लाथ लागू नये. तेव्हापासून सगळी लेबलं डोक्याकडे.

प्रज्ञाला इथे मावशीनेच लावलं होतं. शाळा सुटल्यावर… सुटली कसली, टाकली. रागीट आहे जरा, पण हात चालते पोरीचा, असं सुपरवायझर श्रावणला सांगून, स्वतःची जीभ गहाण ठेवून.

सकाळच्या चहाला कटिंगच्या टेबलावरचा रोशन मोबाइल घेऊन आला. पांढुर्ण्याचा पोरगा, कपाळावर गोटमारीच्या जत्रेत लागलेल्या दगडाची खूण, आणि ती दिसावी म्हणून केस मागे.

"हे पाय, तुयी मैत्रीण."

"कोणाची मैत्रीण बे?"

पण पाहिलं. तीच बाई. पांढरे हातमोजे, मागे बर्फ, पडकी घरं, बंदूकवाले. लोकांची लांब रांग. बाई एकेकाच्या हातावर ब्लँकेट ठेवते आणि त्याच्याकडे न पाहता समोर पाहते, जिथे कॅमेरा असतो तिथे. मग दुसरा व्हिडिओ, कोणीतरी लपून काढलेला, हलणारा: त्याच रांगेतून एका म्हाताऱ्याला दंडाला धरून बाहेर ओढताहेत. म्हाताऱ्याचा एक बूट बर्फातच राहिला.

"हिचा बाप तिथचा हुकूमशहा," रोशन म्हणाला. "निवडणुकीत तोच उभा, अन् तोच निवडून. भूकंप झाला ना, तं बाहेरून जे काही येईन ते हिच्या संस्थेतूनच वाटाचं. नाही तं विमान उतरूच देत नाही."

"अन् हा बुढा? ह्याले काहून ओढलं?"

"पोरगा जेलात असन त्याचा. नारे देल्ले असन. मले काय मालूम."

"मंग आपलं सरकार देतेच कायले असल्याईले?"

रोशनने संत्र्याची फोड तोंडात टाकली, बी थुंकली. "नाही देल्लं तं? तिले थंडी वाजणार आहे का? तिच्या घरी हीटर आहे."

हेच. हेच तिला सहन होत नव्हतं — असलं खरं बोलणं, संत्रं खात खात. द्या तर हिचे दात आणखी पांढरे होतात, देऊ नका तर बर्फात पोरं काकडतात. आणि त्या दोन्हींच्या मध्ये जिथे उभं राहावं, तिथे सगळा चिखल. तिला त्या बाईची घाण वाटली. सरकारची वाटली, तिकडे कुठे दिल्लीत बसून असल्या हातमोज्यांत आपलं ब्लँकेट ठेवणाऱ्या लोकांची. मग रोशनच्या ओल्या बोटांचीही वाटली, आणि ती उठून मागे जाऊन थुंकून आली.

ती परत येते तोवर श्रावण ओळीत शिरला होता, मोबाइल हवेत धरून.

"बंद! सगळ्या मशीनी बंद! कोणी सांगितलं वर लावाले?"

मग मावशी उठली, पदर सारखा करत. "मीनं सांगतलं, भाऊ. पायाशी होतं ते. बाईमाणसाचं तोंड…"

"मावशी, झोपणाऱ्याचं तुमाले काय करा लागते?" त्याने एक ब्लँकेट उचललं, अर्धं केलं, पुन्हा अर्धं, पुन्हा, घडी दोन्ही हातांवर घेतली, कोणाला देतो तशी पुढे केली. पायाकडचा कोपरा बरोबर वर आला होता, समोर. "इथं. समज्या? इथं पाहिजे तोंड. कॅमेरा इथं राहीन. तुमी वर लावलं तं तोंड घडीच्या अंदर गेलं. फोटोत काय दिसन मंग, निळं?"

"पण लाता लागतीन ना तिले," मावशी अजून तिथेच.

"लागू द्या ना! फोटो निघाल्यावर कोण पाहते?" मग आवाज खाली आणून, "पूरा माल उसवा. संध्याकाळी ट्रक लागून राहिला. नाही झालं तं पुढची ऑर्डर दुसऱ्या शेडमंधी. अन् मंग तुमी बसा घरी. ही ओळच बंद."

प्रज्ञाला आधी हसू फुटलं. लाता! सगळ्या मुलखाच्या लाता, रात्रभर, त्या दातांवर… भेगाळलेल्या टाचा, लहान पोरांचे थंड तळवे. पण हसू घशात आलं आणि तिथेच आंबट झालं, कारण तिला दिसलं की त्या बाईला हे माहीत असणार. माहीत आहे आणि काही वाटत नाही. ब्लँकेट पांघरणारा तिच्या हिशेबात नाहीच. तो झोपला काय, मेला काय, लाथ मारली काय. तोंड त्याच्यासाठी नव्हतंच मुळी. अन् आम्ही बसलो तिचं तोंड लाथांपासून वाचवत.

मावशी खाली बसली होती आणि ब्लेडने पहिलं लेबल उसवू लागली होती, सावकाश, त्या छापील गालाला ओरखडा पडू नये अशी. ते पाहून प्रज्ञाला तिटकारा आला. मावशीचा नाही… म्हणजे मावशीचाच, तिच्या त्या सांभाळण्याचा. तिने स्वतःचं ब्लेड त्या छापलेल्या दातांखाली घातलं आणि ओढलं.

शाळेत मिळालेल्या बॅगेवर पण असंच होतं. झाकणावर, मधोमध शिवलेलं, मधुकरभाऊचं तोंड. भाऊ म्हणजे त्यांच्या गावाचं सगळं काही — रेशनच्या दुकानापासून अंत्यविधीच्या लाकडापर्यंत. निवडणूक कोणतीही असो, गाव भाऊचं. भाऊची संस्था शाळेत बॅगा वाटायची. उन्हात रांगेत बसवलेलं, गाडी येईपर्यंत. मग भाऊचा जाड, घामट हात, त्यात तिचा हात, आणि भाऊ तिच्याकडे न पाहता समोर… हस बेटा, इकडं पाय. बॅग चांगली होती, हेच वाईट. पाणी आत यायचं नाही, बंद तुटायचे नाहीत. तिच्याजवळ आजवर आलेल्या वस्तूंमध्ये तीच एक वस्तू नवी होती. ती रात्री उशाशी घेऊन झोपायची. आणि मग ते झाकण… नाही. ते नको आता. हात चालव.

दुपारी डबा उघडला.

"मावशे, मी नाही लावत हे."

"मंग काय करतं?"

"फेकतो श्रावणच्या तोंडावर."

"फेक." मावशीने भाकर मोडली. "अन् ह्या सगळ्या बायका तुया मांगं घरी बसतीन. तिकडचे पोट्टे थंडीनं मरतीन ते वेगळेच. तुया घरी भाऊच्या टँकरचं पाणी येत होतं, पेत नव्हती का तू?"

"पेत होती."

"मंग? तहान तोंड पाहते का कोणाचं?"

"तहान नाही पाहत, मावशे. पाजणारा पाहते."

मावशीचा हात थांबला. मग तिने आपल्या डब्यातली लोणच्याची फोड उचलून प्रज्ञाच्या भाकरीवर ठेवली. "जेव. जीभ लय चालते तुयी. त्याच्यानंच तं झालं सगळं."

मशीनवर परत बसल्यावर तिला ते सुचलं. असं एकदम, सुईत दोरा ओवताना. दोऱ्याच्या टेन्शनचा स्क्रू जरासा ढिला केला, टाका लांब केला… वरून शिलाई तशीच दिसते, सरळ, चारी बाजूंनी. पण दोऱ्यात जीव नाही. फोटोपुरती टिकेल. मग कोणी पांघरूण ओढलं, कोणाची टाच अडकली, एखादं धुणं झालं, की दात गळून पडतील आपोआप. ब्लँकेट राहील, ऊब राहील, बाई जाईल. श्रावण खूश, मावशीची ओळ चालू, पोरं गरम. तिने पहिलं शिवलं, ओढून पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी अंगात काहीतरी हलकं झालं. ती भराभर शिवू लागली. मी शिवून राहिली, कोणी पाहत नाही, मी त्या बाईले हजारो कोस दुरून, ह्या शेडमधून, एकेक करून उपटून राहिली! श्रावण आला, एक लेबल नखाने दाबून पाहिलं, "हां, बरोबर. हात चालते पोरीचा," म्हणाला. तिने मान खाली घालून हसू गिळलं. दाराशी तिच्या गठ्ठ्यांची रास वाढत गेली आणि ट्रक मागे मागे येऊन शेडला लागला.

पुढचं लेबल कोपऱ्यावर ठेवलं. एक कड जरा उचललेली होती, आणि खालून काळोख दिसत होता…

बॅगेच्या झाकणावरच्या तोंडाचीही आधी एकच कड सुटली होती. पावसाळ्यात. तिने पाहिलं पण नव्हतं धड. मग दुसरी. भाऊचा चेहरा काही दिवस एका दोऱ्यावर लोंबत होता, आणि एक दिवस नव्हता. शाळेच्या वाटेवर, रामाकोन्याच्या रस्त्यावर कुठेतरी पडला असेल, चिखलात. कोणी फाडला नव्हता. पडला होता. आणि मग भाऊचा माणूस, विनोद, शाळेत आला काहीतरी वाटायला, आणि त्याने बॅगेवरचा तो रिकामा चौकोन पाहिला, चारी बाजूंना टोचलेली भोकं. भाऊचा फोटो काहून फाडला वं? सगळा वर्ग पाहत होता. सर खिडकीबाहेर पाहत होते. पडला म्हणायचं होतं फक्त. खरं होतं ते. पण विनोद हसत होता, त्याला आधीच ठाऊक असल्यासारखा, आणि तिच्या तोंडातून गेलं: हो, फाडला. काय करता?

केलं त्यांनी. टँकर त्यांच्या गल्लीत थांबायचा बंद झाला. बाबा, सुधाकरराव, जे कोणासमोर वाकत नव्हते, भाऊच्या फाटकाशी हात जोडून उभे राहिले, पोरगी नादान आहे म्हणत. टँकर पुन्हा आला. तिने त्या पाण्याचा चहा प्यायला. शाळेत गेली नाही मग कधी.

आजवर तिने सगळ्यांना शिव्या दिल्या होत्या. भाऊला, विनोदला, खिडकीबाहेर पाहणाऱ्या सरांना, बाबांच्या जोडलेल्या हातांना. एका माणसाला दिली नव्हती, कारण ते माणूस तिला सुचलंच नव्हतं: ज्याने ते तोंड झाकणावर शिवलं होतं. कुठल्या तरी शेडमध्ये, कुठल्या तरी मशीनवर, अशीच कोणीतरी. घाई असेल. दोरा हलका असेल. किंवा… किंवा तिला पण किळस आली असेल त्या तोंडाची. तिने पण स्क्रू ढिला केला असेल, आणि मान खाली घालून हसली असेल, माझ्यासारखी.

"प्रज्ञे? थांबली काहून?"

सुई वर होती. खाली बाई, दात, आपल्या देशाची मुंगीएवढी अक्षरं. प्रज्ञाची दोन बोटं स्क्रूवर. घट्ट करावं तर ही पांघरणाऱ्याच्या पायाशी कायमची, रोज सकाळी उठल्यावर तिचं हसू; ढिलं ठेवावं तर… दाराशी हमाल तिचे गठ्ठे खांद्यावर घेत होते. ती ओरडू शकत होती. काय ओरडणार? घशात निळं काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं आणि थुंकायला उठावंसंही वाटेना, कारण या खेपेला ते बाहेरचं नव्हतं.

"काही नाही, मावशे."

तिकडे बर्फ असेल. सकाळ असेल. दारात कोणीतरी बंदूकवाला, ब्लँकेटचा कोपरा बोटांत धरून, भोकं मोजत… आणि समोर एक पोट्टं, पाय उघडे. पडलं म्हण. मी सांगून राहिली ना, पडलं म्हण, बाबू, खरं आहे ते. खाली पाय, हात जोड, काही पण कर, पण पडलं म्हण… तिचा पाय पायडलवर होता आणि दाबला जात नव्हता. आणि ते पोट्टं मान वर करत होतं, तिला दिसत होतं, मान वर करत होतं, अगदी तिच्यासारखी.