दुधातली केशरी पूड

तिसऱ्या केमोनंतर सुकन्याला दुधाच्या पेल्याच्या तळाशी केशरी कण दिसले.

"हळद हाय. पी," तिच्या सासू बनाबाई म्हणाल्या.

पण हळदीचा वास नव्हता. केमो सुरू झाल्यापासून सुकन्याला शेजारच्या फोडणीचा वासही सोसत नसे. हळद तिला कळली नाही असं झालं नसतं.

एका कारखान्यात शाळेचे गणवेश तपासायचं तिचं काम. उसवलेली शिवण तिच्या बोटांना आधी कळायची, डोळ्यांना नंतर. आता ती घरातली माणसं तशी तपासू लागली. आपण आत आलो की आत्या डबा का झाकतात? सासूला ती आत्या म्हणायची. आणि मल्हार, तिचा नवरा, कामावरून फोन करून दूध प्यायलं का, एवढंच का विचारतो?

छातीत गाठ सापडली तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. भेटायला आलेली एक नातेवाईक म्हणाली होती, "ह्या औषधानं कूस करपती म्हणं." त्यावर बनाबाई काहीच बोलल्या नव्हत्या. ते न बोलणं सुकन्याच्या मनात रुतून बसलं होतं.

दोन दिवस तिनं दूध मोरीत ओतलं. तिसऱ्या दिवशी बनाबाई भाजीला गेल्यावर तिनं तांदळाचा डबा उपसला. तळाशी केशरी पूड भरलेल्या कॅप्सूलची बाटली होती, निम्मी संपलेली. 'अँटिऑक्सिडंट,' वर लिहिलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात, 'स्त्रीबीजांच्या रक्षणासाठी.'

बनाबाई आल्या तेव्हा बाटली ओट्यावर होती.

"किती दिवस चाललंय हे, आत्या?"

बनाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "पयल्या केमोपासनं. पर मी न्हाय आणलं. मल्हारनं आणलं. म्हणला, तिला सांगू नगं, ती घेणार न्हाय."

सुकन्याला ते पटलं नाही. मला मूल नको, तू पाहिजेस, असं मल्हार दवाखान्यात तिचा हात धरून म्हणाला होता. म्हातारी लेकावर ढकलते आहे, असंच तिला वाटलं. संध्याकाळी ती मल्हारला काही बोलली नाही. पुढच्या तपासणीला मात्र बाटली पिशवीत घालून नेली आणि त्याच्यादेखत डॉक्टर बिराजदारबाईंच्या टेबलावर ठेवली.

"कुणी दिलं हे?" बाईंनी विचारलं.

मल्हारनं मान खाली घातली. "मी."

"हे आजपासून बंद. उंदरांवर काही प्रयोग झालेत, पण बायकांना याचा उपयोग होतो असं अजून खात्रीनं सांगता येत नाही. उलट केमोचा जोर कमी होईल अशी शंका आहे." मग त्या सुकन्याकडे वळल्या. "पहिल्या केमोआधी स्त्रीबीजं गोठवून ठेवायची सोय होती. दोनेक आठवडे लागले असते. तुमचे मिस्टर म्हणाले, आमचं ठरलंय, लगेच सुरू करा."

"मी कुठे होते तेव्हा?"

"स्कॅनला. मी नंतर तुम्हालाही विचारायला हवं होतं. ती माझी चूक."

बाहेर बाकावर मल्हार सांगू लागला. "गाठ वाढत होती. दोन आठवडे थांबायचं म्हटल्यावर मी घाबरलो. मग मोबाईलवर ह्या गोळ्यांचं वाचलं. वाटलं, निदान एवढं तरी वाचवू."

"मीही लगेच सुरू करा असंच म्हटलं असतं कदाचित," सुकन्या म्हणाली. "पण ते मी म्हणायला पाहिजे होतं."

ती एकटीच परत आत गेली. बीजकोश केमोच्या काळात शांत ठेवणारं एक इंजेक्शन असतं, काहींना त्याचा फायदा होतो, सगळ्यांना नाही, असं बाईंनी सांगितलं. तिनं सगळं नीट विचारून घेतलं आणि इंजेक्शनच्या संमतीपत्रावर स्वतः सही केली.

घरी बनाबाईंनी दूध दिलं नाही. पातेलं आणि रिकामा पेला तिच्यासमोर ठेवून म्हणाल्या, "तुजं तू वतून घे, बाय." आत्या लेकावर ढकलतात असा आपण उगाच आळ घेतला, हे सुकन्याला तेव्हा लागलं. पण तसं न म्हणता तिनं दूध ओतून घेतलं.

उपचार संपून सात महिन्यांनी तिची थांबलेली पाळी परत आली. मूल होईल असा त्याचा अर्थ नव्हता, हे तिनं डॉक्टरबाईंना आधीच विचारून ठेवलं होतं. पाळी आल्याचं तिनं बनाबाईंना त्याच सकाळी सांगितलं. मल्हारला सांगायला तिला चार दिवस लागले.