लीव्हेनच्या मोज्याचा धागा

मित्रांनो, माझी झाडे निळी का, असे येणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून आधी तेच सांगून टाकतो. मी लोकरीचा विणलेला भिंतपडदा आहे, जुना, फ्लँडर्समधल्या औडेनार्ड गावचा. आमच्याकडे निळ्या लोकरीवर पिवळा रंग चढवून हिरवा करत. उन्हाने पिवळा उडाला आणि निळा राहिला.

मला विणणारे मागच्या बाजूने विणत. मागावरून उतरवेपर्यंत त्यांनी माझा चेहरा पाहिला नव्हता. माझ्यावरची गोष्ट मात्र त्यांना तोंडपाठ होती. रोमच्या एका जुन्या कवीने ती काव्यात रचली होती. रोमचे राज्य बुडून हजार वर्षे उलटली, तरी ती आमच्या विणकरांच्या घरी नांदत होती. दोन देव वाटसरूंच्या वेशात येतात. कोणी दार उघडत नाही. एक गरीब म्हातारा-म्हातारी तेवढी त्यांना घरात घेतात, पाळलेले एकुलते एक बदकही कापायला निघतात. देव बदक वाचवतात आणि वर मागा म्हणतात. दोघे एवढेच मागतात, की आम्हाला एकाच क्षणी मरण द्या. शेवटी त्यांची दोन झाडे होतात, फांदीत फांदी अडकलेली.

श्रीमंतांच्या दिवाणखान्यात माझे कौतुक झाले. मग फॅशन बदलली. एका मालकाने मला थंडीत बटाट्यांच्या ढिगावर पांघरले. त्याबद्दल माझी तक्रार नाही; बटाटे चांगले राहिले. पुढे कोणीतरी मला वृद्धाश्रमाला दान दिले आणि विश्वस्तांच्या बैठकीच्या खोलीत मी टांगला गेलो. तोवर माझ्याच वजनाने त्या दोन झाडांच्या फांद्यांमधली शिवण उसवली होती. फटीतून मागची भिंत दिसे.

त्या आश्रमात कोलेटा आणि लीव्हेन हे वृद्ध जोडपे आले. नियमाप्रमाणे बायका डावीकडच्या इमारतीत आणि पुरुष उजवीकडच्या. मध्ये भिंत. भेट फक्त रविवारी, प्रार्थनेनंतर. कोलेटाचा हात सुईवर चांगला होता, म्हणून मुख्य विश्वस्त व्हान हुले साहेबांनी मला दुरुस्त करायचे काम तिला दिले, आणि लीव्हेनला शिडी धरायला उभे केले. काम संपले की शिडीही संपणार होती. दोघांनाही ते ठाऊक होते.

साहेबांनी त्यांना माझी गोष्ट सांगितली.

"मला कशाला झाड करायला हवं?" लीव्हेन म्हणाला. "गुडघे आधीच लाकडाचे झालेत."

"गप शिडी धर," कोलेटा म्हणाली. "तुझ्यावर कावळासुद्धा बसायचा नाही."

एक दिवस विश्वस्त काम बघायला जमले. सगळी भोके बुजली होती. ती एक फट तशीच होती.

"कोलेटाबाई, एवढं राहिलं की!" व्हान हुले म्हणाले.

"राहिलं नाही, साहेब. ठेवलंय. तुमचाच नियम पाळला. बाई डावीकडं, बाप्या उजवीकडं. मधे भिंत दिसतीय, ती बरोबर आहे."

कोणीतरी मिशीत हसले. साहेब हसले नाहीत.

"नियम माणसांसाठी आहे, बाई. हे चित्र आहे."

"मग चित्रातल्यांचं बरं चाललंय म्हणायचं." आणि तिने सुई खाली ठेवली. "साहेब, ह्याच्या घोरण्याशिवाय मला झोप लागत नाही हो."

व्हान हुलेंनी माझ्याकडे पाहिले. ही गोष्ट त्यांनी शाळेत पाठ केली होती. मी तर कितीतरी बैठकांत त्यांच्या समोरच होतो, पण त्यांनी असे कधी पाहिले नव्हते.

"फाटकाजवळची लाकडांची खोली तुम्हा दोघांसाठी रिकामी करता येईल," शेवटी ते म्हणाले. "पण तिथं ओल आहे."

"ओल चालेल," शिडीखालून लीव्हेन म्हणाला. "झाडच व्हायचंय ना!"

कोलेटाने तेव्हाच फट शिवायला घेतली. दिलेली लोकर संपली होती. तिने लीव्हेनच्या पायातला करडा मोजा काढून उसवला. तो एक पाय उघडा ठेवून शिडी धरून उभा राहिला.

देवांनी पुढे काही केले नाही. लीव्हेन आधी गेला, कोलेटा काही हिवाळ्यांनी. झाड कोणाचेच झाले नाही. तो गेल्यावर ती कधीकधी यायची, त्या टाक्यावर बोट ठेवायची आणि परत जायची. मला तिचे फार वाईट वाटे.

आता मी संग्रहालयात असतो. करडा टाका विजोड दिसतो, तो काढून निळा घालावा, असे जाणकार म्हणतात. मित्रांनो, मला उन्हापासून जपा, कसरीपासून जपा. पण तो टाका उसवू नका. तो एकदा उसवून झालेला आहे, आणि त्यापायी एका म्हाताऱ्याने अख्खा हिवाळा एका मोज्यावर काढला आहे.