डोंगर बांधणारा दोरा

बदलापूरच्या मागच्या डोंगरावर अख्खी वाडी लोटली होती. तिथे पडलेल्या भेगेच्या दोन्ही काठांना खुंट्या, खुंट्यांना लाल दोरा. डोंगर हलला तर दोरा तुटेल, असं सांगून महिपती बाबाने आठ दिवसांपूर्वी तो मंतरून बांधला होता. आठ दिवस धो धो पाऊस झाला आणि दोरा शाबूत. आपण डोंगर बांधला, असं बाबाने जाहीर करताच माणसं चिखलात लोटांगण घालू लागली. मोबाइल मात्र वर धरून, बरं का.

मी कात्रपच्या शाळेत भूगोल शिकवते. दरडीच्या धोक्याचा नकाशा करायचं निघालं, तेव्हा सरकारला नेहमीप्रमाणे मास्तरच आठवले. भेगेखालची अकरा घरं मी लाल रंगवली आणि तिथली माणसं पावसाच्या सुट्टीत शाळेच्या वर्गांत हलवली. आता दोरा तुटला नाही म्हणून ती परत घरी निघाली होती. कौसाबाईच्या तर डोक्यावर बोचकं होतं आणि मागे काठी टेकत तिचा नवरा, आण्णा. त्यांचं घर भेगेच्या बरोब्बर खाली. मी रडायची तेवढी बाकी होते.

मी खुंट्यांना टेप लावला. आठ दिवसांपूर्वी मीच मोजलं तेव्हा अंतर साठ सेंटिमीटर होतं, आता एकोणसत्तर. बाबा म्हणाला, टेपला नजर लागलीय. लोकांनी माना डोलावल्या. दोऱ्याला हात लावू गेले तर म्हणे बायकांचा विटाळ होतो.

कौसाबाईने बोचकं खाली ठेवलं. ती उल्हासनगर कॅम्प दोनमधून लेगिंगचं काम आणून घरी शिवते. तिने सरळ दोरा चिमटीत धरून ओढला, तो हातभर लांबला.

"लास्टिक हाय," ती म्हणाली. "वरनं दोरा गुंडाळलाय. डोंगर अंगावर आला तरी तुटायचा नाय."

बाबा लघवीला म्हणून झाडामागे गेला, तो गेलाच.

मी हुरळून म्हणाले, चला परत शाळेत. कौसाबाई हलेना. सोमवारी शाळा भरणार, वर्ग रिकामे करा, असं आमचेच हेडसर सांगून गेले होते.

"दोरा खोटा, कळलं," ती म्हणाली. "आता बाई, निजायचं कुठं ते सांगा."

यांच्या जागेसाठी तहसील कचेरीत मी चार फेऱ्या मारल्या होत्या. जागा बघतो, एवढंच उत्तर मिळालं होतं. कौसाबाईने बोचकं पुन्हा डोक्यावर घेतलं. ती आण्णांचा दंड धरून खाली घराकडे उतरली.

वाचकहो, मंत्राने डोंगर थांबत नाही. भेग मोजा, मोजणाऱ्याचं ऐका. आणि मोजून झाल्यावर त्या अकरा घरांसाठी कोरड्या खोल्या मागा. नकाशा ज्यांनी मागवला, त्यांच्याकडेच मागा, आणि या पावसात मागा.