संत्र्याच्या रसातली गोळी

कस्तुरीच्या पोस्टकार्डाला मी उत्तर पाठवलं नव्हतं. तिच्या शाळेनं पहिलीच्या मुलांना पोस्ट ऑफिस दाखवायला नेलं आणि घरच्या कुणाला तरी लिहा म्हणून एकेक कार्ड दिलं. नातीनं मला निवडलं. व्हाइटफील्डहून चामराजपेट, म्हणजे गावातल्या गावात. तरी कार्ड चांगलं रमतगमत आलं. मजकूर असा : 'आजोबा, मला आता रोज गोळी प्यायची आहे. ती कशी लागते ते लिही. आई म्हणते छान लागते. आई खोटं बोलते.'

मी एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात नोकरी केली. कुणी काही विचारलं की पुस्तक उघडायचं, हीच माझी अक्कल. कस्तुरीला थॅलसेमिया आहे. अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही, म्हणून तान्ही असल्यापासून तिला नेमानं रक्त चढवतात. त्या रक्ताबरोबर लोह येतं, आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. साठत गेलं की ते हृदयाला, यकृताला बाधतं. ही गोळी ते काढून टाकते. एवढं सगळं मला वाचून कळलं. चव मात्र कळली नाही, आणि मुलीच्या औषधाला आपण जीभ लावणं मला पटेना. 'छान लागते' लिहिलं आणि खोडलं. 'वाईट लागते' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी कार्ड तसंच टेबलावर राहिलं.

मग माझ्या मुलाचा, शुभंकरचा फोन आला. "बाबा, उद्यापासून सुरू करायचंय. ती तोंडच उघडायचं नाही म्हणतेय. तुमचं ऐकेल."

माझं आजवर कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. तरी मेट्रो पकडून गेलो.

कस्तुरी फ्रिजवरचा लोहचुंबक काढून पोटावर धरून उभी होती.

"चिकटत नाही," ती नाराज होऊन म्हणाली.

"तसं चिकटायला फार लागेल बाई."

"मग काढायचं कशाला? साठू दे की. मग दाखवते सगळ्यांना चिकटवून."

नीलिमा, माझी सून, हसली, पण डोळ्यांनी नाही. रिपोर्टमधला लोहाचा आकडा आता थांबण्यासारखा नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, उशीर नको.

"आणि ते लोह जातं कुठून?" कस्तुरीनं विचारलं.

"शीमधून," मी चाचरत म्हणालो.

ती एवढी हसली की चुंबक हातातून पडला. "आजोबा शी म्हणाला!" मग एकदम गंभीर झाली. "तू उत्तर नाही पाठवलंस."

मी चष्मा पुसत बसलो.

सकाळी नीलिमानं नर्सनं सांगितलेलं सगळं पुन्हा बजावलं. उपाशीपोटी द्यायची, नंतर अर्धा तास खायला नाही. गोळी रसात पूर्ण विरघळवायची, पण धातूचा चमचा वापरायचा नाही. ती प्लास्टिकची काडी शोधायला आत गेली, आणि मला वाटलं, चमचा कशाला हवा? जन्मभर कॉफी कशी केली आपण? मी रस आणि गोळी स्टीलच्या पेल्यात घातली आणि पेल्यातून डबऱ्यात, म्हणजे कॉफीच्या पसरट वाटीत, डबऱ्यातून पेल्यात, हात उंच नेत हॉटेलवाल्यासारखी धार धरली.

फेस वर आला. मग आणखी आला. काठावरून ओट्यावर उतरला. अर्धी गोळी पेल्याच्या भिंतीला, अर्धी डबऱ्याच्या.

"अहो बाबा, हे काय!" नीलिमा काडी हातात धरून दारात उभी. "आणि स्टीलमध्ये?"

"स्वल्प चूक झाली," मी म्हणालो. घाबरलो की 'थोडी'ऐवजी मला कन्नड सुचतं.

कस्तुरी खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. "औषधाची कॉफी! आजोबांनी औषधाची कॉफी केली!"

कस्तुरीला रक्त चढवतात त्या वॉर्डात नीलिमानं फोन लावला. पोटात किती जाईल याचा हिशेब लागत नाही, तेव्हा ते टाकून द्या, आज पुन्हा देऊ नका, उद्या नव्यानं, असं तिकडून सांगितलं. नीलिमानं ओट्यावरचा फेस पुसून काढला. एक दिवस माझ्यामुळे गेला होता. उद्याही तिनं तोंड मिटलं तर?

दुपारी कस्तुरीजवळ बसलो. "कस्तू, मी उत्तर लिहिलं नाही, कारण मला माहीत नाही. पुस्तकात नाही, तुझ्या आईला माहीत नाही, बाबाला नाही."

"डॉक्टरांना?"

"त्यांनी तरी कुठं प्यायलीय?"

तिनं बोटांवर सगळे मोजले. "म्हणजे कुण्णालाच माहीत नाही?"

"या घरात तरी नाही. ज्याला कळेल त्यानं मला सांगावं. मग मी लिहीन."

दुसऱ्या दिवशी नीलिमानंच काचेच्या ग्लासात काडीनं ढवळलं. मला ओट्याजवळ यायला बंदी होती. कस्तुरीनं नाक धरलं, एक घोट घेतला, डोळे मिटून चाखला. आम्ही तिघं ग्लासाकडे बघत उभे.

"कागद आणला का?" तिनं विचारलं.

मी धावत पिशवीतलं कोरं कार्ड आणलं. एकेक घोट घेत ती सांगत गेली. तळाशी राहिलं त्यात पाणी घालून हलवलं, तेही प्यायली. नीलिमानं पदर नसल्यामुळे ओढणीनं डोळे टिपले आणि लगेच, "डोसा अर्ध्या तासानं, आत्ता नाही!" म्हणून ओरडली.

"हे पोस्टानंच पाठव," कस्तुरीनं बजावलं. "वॉर्डात मुकुल आहे ना, त्याची पण सुरू होणार आहे. त्याला दाखवायचंय."

"तोंडी सांग की."

"माझ्यावर त्याचा विश्वास नाही. आजोबा लोकांच्या अक्षरावर असतो."

परत जाताना मेट्रोआधी मी पोस्ट ऑफिसात शिरलो. कार्ड पुन्हा वाचलं : 'चि. कस्तुरीस अनेक आशीर्वाद. गोळी ओल्या खडूसारखी लागते. पहिला घोट वाईट. दुसरा तसाच. मग सवय होते. तळाचा सगळ्यात वाईट, पण तो छोटा असतो.' यात खोडण्यासारखं मला काही सापडेना. पेटीत टाकलं.