पट्ट्याला बांधलेले मासे

टस्किल तळ्याच्या उथळ टोकाला कमळपाने आणि पाणगवत इतके माजले होते, की होडी जराशी आत शिरली तरी यंत्राच्या पात्याला गवताचा वेढा बसून ते बंद पडे. म्हणून थरमन नेहमीप्रमाणे होडीतून उतरला आणि छातीभर पाण्यातून चालत पुढे गेला. त्याची धाकटी बहीण आयडेला होडीतच थांबली. तिची साठी उलटली होती. पोहणे मात्र अजून येत नव्हते.

धरलेले बास मासे थरमन दोरीत ओवून कमरेच्या पट्ट्याला बांधी. त्यांचे वडीलही फ्लॉरिडातल्या प्रत्येक तळ्यात असेच करीत.

"दोरीला आकडा लाव म्हटलं होतं तुला," आयडेला ओरडली.

"आकडा सुटतो. मागच्या खेपेला सगळे मासे घेऊन गेला. आता पक्की गाठ मारलीय. तू तुझा बेडूक सांभाळ, बाई."

बेडूक म्हणजे गळाला लावायचे रबरी आमिष होते. त्याचे गळ पाठीला चिकटून असत, त्यामुळे पानांवरून ओढला तरी तो अडकत नसे. थांबत थांबत ओढला की पाण्यावर टपटप वाजे आणि खालून बास उसळी घेई. आयडेलाने फेक टाकण्यासाठी गळाची काठी उचलली, तेव्हा तिला थरमनच्या पाठीमागे पानांच्या फटीत दोन काळे उंचवटे दिसले.

"थरमन, मागे मगर आहे."

"असेल. तिला म्हणावं, रांगेत ये."

तळ्यातल्या मगरी माणूस दिसला की बाजूला होत. पण धक्क्यावर मासे साफ करणारे लोक आतडी पाण्यात भिरकावीत आणि काही मगरींना माणूस म्हणजे खाणे एवढेच कळू लागले होते. ही बाजूला होत नव्हती. तिच्यामागे पाण्यावर एक सरळ रेघ उमटत होती.

"ती थांबत नाहीये रे!"

थरमनने वळून पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा पुसली गेली. दोन्ही हात पाण्याखाली गेले. पण मासे ओढ घेत होते, ओली गाठ करकचून आवळली होती आणि चाकू होडीत राहिला होता.

"गाठ सोड! पट्टाच काढ!"

आयडेलाने बेडूक फेकला. पहिली फेक आखूड पडली. दुसरी मगरीच्या जबड्यापुढे पडली. तिने बेडूक टपटपवत आपल्याकडे ओढला. उंचवटे थबकले, वळले आणि होडीच्या दिशेने येऊ लागले. होडीचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर होता.

पाणी फुटले. बेडूक दिसेनासा झाला.

आयुष्यभराची सवय हाताला झटका मार म्हणत होती. तिने ती आवरली. गळ रुतला असता, तर मगर तिथेच थैमान घालत राहिली असती किंवा होडी थरमनपासून लांब ओढून नेली असती. तिने दोरा बोटावर सैल धरला. दोरा हळूहळू डावीकडे सरकू लागला.

"डावीकडे जातेय. ये आता. पाणी उडवू नकोस."

थरमनने पट्टा सोडून दिला होता. मासे कुठेतरी खाली गेले होते. एका हाताने विजार धरून तो गवतातून एकेक पाऊल उपसत येत होता.

दोरा थांबला. मग सैल पडला. चावून चिरडलेला बेडूक पानांमध्ये वर आला.

"आयडी, कुठे आहे ती?"

तिला ठाऊक नव्हते. तसे सांगितले तर तो घाबरून धडपडत पळेल, एवढेच ठाऊक होते.

"डावीकडेच आहे. लांब. सावकाश ये."

तो आला. त्याची बोटे काठावर दिसताच तिने त्याची कॉलर मुठीत धरली आणि स्वतःला मागे झोकून दिले. होडी कलली, पाणी आत आले, आणि थरमन तिच्या पायांवर उपडा पडला.

उजवीकडे, तो आला त्याच वाटेवर, कमळपाने एकामागून एक उचलली गेली. शेवटचे पान होडीला टेकून थांबले. मग तळाच्या पत्र्याला काहीतरी संथपणे घासत गेले.

"डावीकडे म्हणालीस ना?" थरमनने कसेबसे विचारले.

"पाय आत घे," आयडेला म्हणाली.